निळ्या ड्रममधलं पहिलं मिनिट

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं दुखणं चढात नाही, उतारात आहे. यवतेश्वरचा घाट चढताना नुसती धाप लागते. परतीच्या उतारावर मांड्यांचं भुस्कट पडतं. दुसऱ्या दिवशी घराचा जिना कठडा धरून उलटा उतरायचा. गार पाण्यात बसलं की हे दुखणं कमी होईल, म्हणून गेल्या वर्षी मी दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला, बर्फाची अर्धी लादी फोडून त्यात टाकली आणि माशांच्या टाकीतला थर्मामीटर सोडला. १२ अंश.

गळ्यापर्यंत बसलो आणि श्वास ताब्यातच राहिना. नुसता हू-हू-हू! छातीच्या पट्ट्यातली नोंद नंतर पाहिली: ६४ वरून ठोके थेट १२१. (मनगटावरचं घड्याळ इथे बिनकामाचं. गारठ्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्याच आक्रसतात, ते मोजणार काय?)

मला वाटलं, चला, हृदयालाही व्यायाम झाला. तर बायको म्हणाली, "अहो, बीपीची गोळी कोणासाठी घेता?"

तिचं बरोबर होतं. पळताना ठोके वाढतात तेव्हा पायातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झालेल्या असतात. गार पाण्यात त्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात हा झटका सगळ्यात जोराचा. दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणजे 'दहा मिनिटं बसलो' ही बढाई हृदयाच्या लेखी फुकट, त्याची परीक्षा पहिल्याच मिनिटात होऊन जाते.

त्यात श्वास रोखून तोंड बुडवलं की मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस ठोके कमी करायला लागते. एकीकडून 'पळ', दुसरीकडून 'थांब'. या ओढाताणीत ठोक्यांचा ताल बिघडू शकतो, असं शॅटॉक आणि टिप्टन या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. आमच्या ग्रुपमधली पोरं रीलसाठी नेमकं हेच करतात! वर जिममधून थेट टबात. वजनं उचलल्यावर दर वेळी असं बसलं तर स्नायूंची वाढ कमी होते, हे २०१५ सालीच दिसलंय, पण सांगणारा मी म्हातारा.

यंदा डॉक्टरांना विचारून फक्त मांड्यांपर्यंत बुडालो. १५ अंश, हळूहळू, बायको शेजारी खुर्ची टाकून. ठोके ८० च्या वर गेले नाहीत.

जिना मात्र दुसऱ्या दिवशी उलटाच उतरलो.