जवळची महाग कॅम्पर की लांबची स्वस्त? माझा अनुभव

जुनी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायची हे घरात पक्कं झालं तेव्हा माझ्यासमोर तीन भाव होते. नवी मुंबईतली गाडी १३ लाख ७५ हजारांना, कोल्हापूरची ११ लाख ६० हजारांना आणि बंगळुरूची १० लाख २० हजारांना. तिन्ही फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या, तिन्ही डिझेल, वयात फार तर एखाद्या वर्षाचा फरक. आम्ही राहतो ठाण्यात, माजिवड्याला. नवी मुंबईची गाडी ऑफिसातून परतताना बघता येत होती आणि बंगळुरू जवळजवळ हजार किलोमीटरवर. मेहुण्याचं म्हणणं सरळ होतं, "दाजी, साडेतीन लाख वाचतायत. दोन दिवस गाडी चालवायची, त्यात काय एवढं?"

त्याचं म्हणणं रास्त वाटलं, म्हणून त्यालाच सोबत घेऊन हिशोबाला बसलो. जाहिरातीतला भाव बाजूला ठेवला. गाडी माझ्या नावावर होऊन ठाण्यात उभी राहीपर्यंत खिशातून किती जातील, तेवढंच धरायचं ठरवलं.

बंगळुरूची गाडी इथे कायमची ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली की नवी नोंदणी करावीच लागते. म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इकडे पुन्हा अर्ज, गाडीची तपासणी आणि महाराष्ट्राचा कर. कर्नाटकात भरलेल्या करातल्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण तो तिथल्याच कार्यालयात मागायचा आणि मिळेल तेव्हा आपला म्हणायचा. मी तो धरलाच नाही. त्यात माझा आणि गाडी तपासायला नेलेल्या मिस्त्रींचा प्रवास, त्यांची मजुरी आणि येतानाचं नऊ-दहा हजारांचं डिझेल. कराचा अंदाज ठाण्याच्या आरटीओत जाऊन विचारला आणि साडेतीन लाखांतला निम्म्याहून जास्त फरक कागदावरच विरघळला. उरलेल्या पैशांसाठी वर्षभर दोन राज्यांच्या कार्यालयांमध्ये अडकून पडायची माझी तयारी नव्हती.

दिल्लीच्या गाड्या तर आणखी स्वस्त दिसतात. त्यामागचं कारण माहीत असू द्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या तिथे वापरणं अवघड झालं, म्हणून त्या बाहेरच्या राज्यांत विकायला निघतात. गाडी वाईटच असेल असं नाही, पण तिचं नोंदणीचं आयुष्य थोडंच उरलेलं असतं आणि कराचा, नव्या नंबरचा फेरा तोच. म्हणून तिकडे मी वळलोच नाही.

हिशोबातून एक गोष्ट मला लख्ख कळली. कर्नाटकच्या हद्दीवरच्या कागलच्या नाक्याअलीकडची गाडी आणि पलीकडची गाडी हे दोन वेगळे व्यवहार आहेत. कोल्हापूर ठाण्यापासून चारशे किलोमीटर असलं तरी राज्य एकच. नंबर एमएच ०९ चाच राहतो, कर दुसऱ्यांदा भरावा लागत नाही. आता खरी तुलना नवी मुंबई आणि कोल्हापूर यांच्यात होती.

नवी मुंबईच्या गाडीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण जवळच्या गाडीचा फायदा मोठा असतो. मला ती हवी तेव्हा बघता आली. एकदा रात्री गेलो, एकदा मुसळधार पावसात गेलो, एकदा बायकोला आणि आईला घेऊन गेलो. आईला वर चढायची पायरी उंच वाटली, हे फोनवरच्या फोटोंत कधीच कळलं नसतं. आतलं लाकूडकाम देखणं होतं, पावसात एक थेंब आत आला नाही. विकणारे गृहस्थ बोलायला चांगले. त्या गाडीवर मन बसलं होतं, हे मी लपवत नाही.

अडलं ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर. वाहनाचा प्रकार होता खासगी ओम्नी बस, आसनं चालकासह १३. आत मात्र आसनं चार, बाकी पलंग, ओटा, सिंक, गॅस. म्हणजे बस म्हणून नोंदवलेली गाडी कुठल्याशा गॅरेजात फोडून कॅम्पर केलेली आणि आरटीओला कळवलेलंच नाही. "सगळे असंच करतात हो, कोण बघतं?" असं ते म्हणाले. पण कलम ५२ प्रमाणे बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं आहे. पोलिसाने अडवण्याची मला एवढी भीती नव्हती. मला भीती होती विम्याची. गाडीत गॅस आहे, लिथियम बॅटरी आहे, माझी मुलं झोपणार आहेत. उद्या काही झालं आणि कंपनीने विचारलं की आम्ही १३ आसनांच्या बसचा विमा उतरवला होता, ही कुठली गाडी, तर मी काय सांगणार? कागद दुरुस्त करून द्या, मग तुम्ही म्हणाल तो भाव देतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि विषय संपला.

जुनी कॅम्पर बघणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की गाडीचा दरवाजा उघडण्याआधी आरसी मागा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की वाहनाचा प्रकार, विम्याची आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) हे सगळं दिसतं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन असा प्रकार लिहिलेला असायला हवा. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा, हे सगळं गाडीत असलं पाहिजे आणि टेबल सोडून बाकीचं पक्कं बसवलेलं असलं पाहिजे.

कोल्हापूरची गाडी नवी असतानाच अधिकृत बॉडी बिल्डरकडून बांधून घेतलेली आणि पहिल्या दिवसापासून कॅम्पर म्हणून नोंदलेली होती. मालक बँकेतून निवृत्त झालेले एक काका. फोनवर मी टोकन पाठवू का विचारलं तर म्हणाले, "आधी गाडी बघा, पैशाचं मागनं बघू." तिथेच मला निम्मा भरवसा आला.

कळव्याचे आमचे नेहमीचे मिस्त्री सोबत यायला तयार झाले. कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली आणि सकाळी कोल्हापुरात उतरलो. आपला माणूस घेऊन जाणं हा लांबच्या व्यवहारातला सगळ्यात मोलाचा खर्च आहे. तिथल्या ओळखीच्या मिस्त्रीला मालक बोलावू शकतात, पण तो त्यांचा असतो.

काकांना आदल्या दिवशीच विनंती केली होती की गाडी सकाळी सुरू करू नका. थंड इंजिन मिस्त्रींनी स्वतः चालू केलं, धूर पाहिला, मग खाली चटई टाकून अर्धा तास गाडीखाली पडून राहिले. काका दर हिवाळ्यात तारकर्लीला जात, त्यामुळे समुद्राकाठच्या गंजाची मला धास्ती होती. मागच्या बाजूला थोडा वरवरचा गंज निघाला, चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मात्र ठणठणीत होती. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. मागचे दोन टायर २०१८ चेच निघाले, नक्षी भरपूर शिल्लक असूनही बदलावे लागणार होते. तो खर्च भावातून वजा करायला काकांनी खळखळ केली नाही.

मग छतावर पाण्याचा पाइप सोडला. कॅम्परला छतातली खिडकी, सोलर पॅनेलचे बोल्ट, केबलचं भोक अशी गळायच्या जागांची कमी नसते. दहा मिनिटांनी छतातल्या खिडकीच्या कोपऱ्यातून बारीक थेंब उतरला. सीलंट जुनं झालं होतं, हे हजार-दोन हजारांचं काम. पण तेच पाणी दोन पावसाळे प्लायमध्ये मुरलं असतं तर आतलं सगळं काढावं लागलं असतं, म्हणून आम्ही त्या कोपऱ्यातलं प्लाय दाबून, ठोकून पाहिलं. टणक होतं.

पाण्याची ८० लिटरची टाकी पूर्ण भरून गाडी शिरोलीच्या बाजूला वजनकाट्यावर नेली. टाकी भरली की ८० किलो आपसूक वाढतात. त्यात चार माणसं, सिलिंडर, सामान. काट्यावरची पावती आणि आरसीवरचं कमाल वजन यांच्यात आमच्या कुटुंबापुरती जागा उरत होती. वजनात बसत नसलेली गाडी घाटात ब्रेकवर येते, त्यामुळे हा काटा मी कुठल्याही परिस्थितीत सोडला नसता.

सर्वात उपयोगी गोष्ट बायकोने सुचवली होती. तिने निघतानाच सांगितलं, एक रात्र त्या गाडीत झोपून बघ. काकांना विचारलं तर त्यांना उलट बरं वाटलं. त्यांच्या अंगणात गाडी उभी करून रात्रभर फ्रिज आणि पंखा चालू ठेवला. काकूंनी भाकरी आणि झुणका आणून दिला. लिथियम बॅटरी सकाळी १३.१ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे रात्रभराचा भार घेऊनही दम होता. गॅसच्या कप्प्याला तळाशी बाहेर निघणारं भोक होतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो, त्यामुळे ते भोक तळाशीच लागतं. नवी मुंबईच्या देखण्या गाडीत ते नव्हतंच.

सौदा ११ लाख ३५ हजारांवर ठरला. पैसे देण्याआधी एक गाठ सोडवायची होती. काकांचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरल्यावरच बाकीची रक्कम आरटीजीएसने पाठवायची, असं दोघांनी लिहून घेतलं. त्यासाठी थोडं थांबावं लागलं आणि गाडी आणायला पुन्हा जावं लागलं, पण असा बोजा असताना बँकेच्या संमतीशिवाय मालकी बदलत नाही. गाडी २०१९ च्या एप्रिलआधीची, म्हणून एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटही काकांकडूनच बसवून घेतली. विक्रीच्या करारात तारखेबरोबर ताबा देण्याची वेळही लिहिली, कारण त्या क्षणानंतरचं चलान माझं. जुनी चलानं त्यांनी भरून पावत्या दिल्या.

मालकी बदलाचे फॉर्म २९, फॉर्म ३० आणि कोल्हापूर आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८ यांवर सह्या झाल्या. चासी नंबरची पेन्सिलने काढलेली छाप जोडली. एनओसी आल्यावर ठाण्याच्या आरटीओत मालकी बदलाचा अर्ज केला. काम रेंगाळलं, पण अडलं नाही. विम्याचं मात्र ताबडतोब बघा. पॉलिसी नावावर करून घ्यायचा अर्ज गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. आतला फ्रिज, बॅटरी, सोलर यांची किंमतही मी पॉलिसीत वेगळी दाखवायला लावली.

घरी येताना खंडाळ्याचा घाट मिस्त्रींनी मुद्दाम माझ्याकडून चालवून घेतला, वजन कसं ओढतं ते कळावं म्हणून. फास्टॅग काकांचा होता, घरी पोचेपर्यंतचा टोल मी त्यांना दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बंद केला.

ठाण्यात गाडी घेणाऱ्याला आणखी एक खर्च चुकत नाही, मग गाडी कुठूनही आणा. आमच्या सोसायटीच्या पोडियममध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, ही उंची जातच नाही. सेक्रेटरींनी बाहेरच्या मोकळ्या जागेत पाहुण्यांसारखी दोन दिवस उभी करायची मुभा दिली, कायमची नाही. कोलशेतच्या बाजूला एका आवारात महिन्याला ४ हजार भाड्याने जागा घेतली आहे. सौदा करण्याआधीच ती ठरवली होती.

मिस्त्री, प्रवास, डिझेल, टोल, टायर, सीलंट, आरटीओ आणि विमा, सगळं धरून गाडी ११ लाख ८० हजारांच्या आत पडली. मेहुण्याने हिशोबाचा कागद मागून घेतला आहे, त्यालाही हुबळीची एक गाडी आवडली आहे. त्याला मी हुबळीच्या मालकाकडून आरसीचा फोटो मागवायला सांगितलंय. तो आला की आम्ही दोघं मिळून ठाण्याच्या आरटीओत कराचं विचारून येणार आहोत.