तुम्ही विचारलंत म्हणून: लावायची नाहीत, तर गोळा कशाला?

"दादा, लावायची न्हाईत तर कार्डं गोळा कशाला करतायसा?" रॅग्नारॉक या ऑनलाइन खेळातल्या आपल्या गिल्डमधल्या, म्हणजे गटातल्या, जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न मला एकदा तरी विचारला आहे. ही कार्डे राक्षस मारताना क्वचित पडतात आणि हत्यारात किंवा चिलखतात लावली की त्याची ताकद वाढवतात. इचलकरंजीच्या दोघांनी तर स्टोरेज उघडलेली खिडकी पाहिली की तो विचारायचाच, असा नेम केला आहे. आजवर मी तीन-चार उत्तरे दिली. छंद आहे म्हणालो, भाव चढेल म्हणालो, योग्य हत्यार मिळेपर्यंत थांबलो आहे असेही म्हणालो. यातले एकही उत्तर पूर्ण खोटे नव्हते आणि एकही पूर्ण खरे नव्हते. एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे दर रविवारी वेढ्याच्या, म्हणजे गिल्डांच्या किल्ल्यासाठीच्या लढाईच्या, आधी मला तोंड चुकवावे लागणार नाही.

आधी माझी बाजू मांडतो, कारण तुमच्या प्रश्नात 'कंजूष' हा शब्द न उच्चारता बसलेला असतो. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत फुटबॉलच्या जुन्या सामन्यांची कात्रणे पत्र्याच्या पेटीत जपणारे लोक आहेत. त्यांना कोणी विचारत नाही की ही कात्रणे घेऊन तुम्ही मैदानात उतरणार आहात काय. मग हायड्रा या राक्षसाच्या माझ्या चार कार्डांनीच हत्यारात शिरून स्वतःला सिद्ध का करावे? शिवाय ही कार्डे वाटेवर पडलेली नव्हती. रॅग्नारॉकच्या जुन्या दराप्रमाणे दहा हजारांत एक अशी शक्यता धरली आणि मिनिटाला सहा हायड्रा मारले, तर दहा हजारांना जवळजवळ २८ तास लागतात. तेवढे करूनही कार्ड पडतेच असे नाही. शंभर जणांनी प्रत्येकी दहा हजार मारले, तर त्यांतले सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने परततात. "दहा हजार झाले की मिळतंयच" असे जे तुमच्यापैकी काही जण छातीठोकपणे सांगतात, त्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

तुम्ही मला सल्लाही दिला होता की दादा, एवढी कार्डांची हौस असेल तर फायनल फॅन्टसी १४ खेळा. मी आठ महिने खेळलो. २०१५ मध्ये त्यात आलेला ट्रिपल ट्रायड हा पत्त्यांचा डाव खरोखर देखणा आहे. कार्ड एकदा तुमच्या यादीत गेले की तुमचेच राहते, डाव हरलात तरी जात नाही. १९९९ च्या फायनल फॅन्टसी ८ मध्ये हरल्यावर कार्ड गमवावे लागे, तशी भीती इथे ठेवलेली नाही. मी तो खेळ सोडला तेव्हा महिन्याच्या शुल्काचे कारण सांगितले होते. खरे कारण असे की ज्या खेळात कार्ड हरवू शकत नाही, त्या खेळात मला स्वतःची परीक्षा झाल्यासारखे वाटत नव्हते. हे वाक्य भारदस्त वाटत असेल, पण त्याच्यामागची गोष्ट तशी नाही.

२००६ मध्ये मी आणि माझा मामेभाऊ राजारामपुरीतल्या एका कॅफेत खेळत असू. तो माझ्यापेक्षा वर्षाने मोठा होता, त्याचे पात्र असॅसिन, म्हणजे मारेकरी, होते आणि माझे साधे मर्चंट, म्हणजे व्यापारी. चौदा महिन्यांत आम्ही हायड्राची चार कार्डे जमवली. दोन त्याला पडली, एक मला पडले, आणि चौथे आम्ही दोघांनी मिळून विकत घेतले. त्यासाठी माझा मर्चंट खेळातल्या प्राँटेरा शहराच्या रस्त्यावर दुकान मांडून कित्येक रात्री बसला होता. चारही कार्डे त्याच्या चार स्लॉटच्या, म्हणजे कार्डांसाठी चार खाचा असलेल्या, मेन गॉश या खंजिरात गेली आणि हत्याराच्या नावामागे 'क्वाड्रुपल ब्लडी' हे शब्द लागले. हत्यार प्लस ७ होते, म्हणजे लोहाराकडून सात वेळा अपग्रेड केलेले. पहिल्या श्रेणीच्या हत्याराला तिथपर्यंत तुटण्याचा धोका नसतो, त्याच्या पुढे असतो, हे सर्वांना पाठ आहे. त्या पावसाळ्यात त्याला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि मला मिळाला नाही. जाताना त्याने पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाला, "रविवारचा वेढा तेवढा सांभाळ, आपली पोरं अडायला नकोत."

नवरात्रातली ललितापंचमी होती. घरचे सगळे टेंबलाईला गेले होते, निम्मे गाव तिकडेच होते, आणि कॅफेत माझ्याशिवाय फक्त मालकाचा भाचा होता. भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज गेली आणि सगळे बिघडले असे सांगता आले असते तर फार सोयीचे झाले असते. पण वीज होती, नेट व्यवस्थित चालू होते, आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो. मी त्याच्या नावाने आत गेलो, खेळातल्या पैशांत दोनशे झेनीचा एक फ्रॅकॉन, म्हणजे अपग्रेडला लागणारा धातू, घेतला, लोहाराला त्याचे पन्नास झेनी दिले आणि चार कार्डे बसवलेले ते हत्यार प्लस ८ करायला त्याच्या हातात दिले. यश येण्याची शक्यता ६० टक्के होती. आले असते, तर हल्ल्यात दोन अंकांची भर पडली असती आणि मर्यादेपलीकडे गेल्याबद्दल वर किरकोळ काहीतरी. एकूण खर्च अडीचशे झेनी, आणि त्या दोन-चार अंकांवर चौदा महिने लावले होते.

हत्यार तुटले. लोहार दिलगिरी व्यक्त करतो, ते शब्द मी त्याआधी स्वस्त हत्यारांवर हसत हसत वाचले होते.

आधी अपग्रेड करावे आणि मग कार्डे लावावीत, हा नियम तुम्ही मला शिकवता. तो मला तेव्हाही माहीत होता. मग मी ते का केले? पुढची कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत होतो की त्याला दिवाळीला चकित करायचे होते. आज तसे म्हणवत नाही. आमच्या सर्व्हरवर प्लस ८ क्वाड्रुपल ब्लडी कोणाकडे नव्हते, आणि ते माझ्या हातून व्हावे, त्याच्या हातून नव्हे, असे मला वाटत होते. तो पुण्यात होता, मी गल्लीत होतो. यापेक्षा खोल कारण मला आजवर सापडलेले नाही आणि आता मी ते शोधतही नाही.

हत्यार तुटले एवढ्यावर मी थांबलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. हत्यारे सगळ्यांची तुटतात. पण त्याला काय सांगायचे, या विचाराने मला घाम फुटला आणि अकाउंट चोरीला गेले असे सांगायचे मी ठरवले. लगेच दुसरा विचार आला की चोर एकच वस्तू नेऊन बाकीची ठेवत नाही. म्हणून मी त्याचे बाकीचे सामानही संपवायला निघालो. प्राँटेराच्या दक्षिण दरवाज्यातून बाहेर पडलो, मैदानाच्या टोकाला गेलो आणि त्याच्या टोप्या, चिलखत, औषधाच्या बाटल्या, स्टोरेजमधून काढलेले सगळे एकेक करून जमिनीवर टाकू लागलो. टाकलेली वस्तू मिनिटभरात नाहीशी होते. मी ती नाहीशी होताना पाहत उभा होतो.

शेवटी पोरिंगचे, म्हणजे खेळातल्या जेलीसारख्या छोट्या प्राण्याचे, कार्ड उरले. ते त्याला पडलेले पहिलेवहिले कार्ड होते. त्याने नशिबाचे दोन अंक वाढतात आणि परफेक्ट डॉजचा (वार साफ चुकवण्याचा) एक, म्हणजे बाजारात त्याला कोणी विचारत नसे. मामेभावाने ते कधी लावलेही नव्हते. तुमचा प्रश्न मी तेव्हा त्याला विचारला होता, अगदी याच शब्दांत, आणि तो म्हणाला होता, "पहिलं हाय रे, असू दे." ते कार्ड मी जमिनीवर टाकले. ते नाहीसे होण्याआधी एक पोरिंग उड्या मारत आला आणि त्याने ते गिळले. पोरिंग पडलेल्या वस्तू उचलतात आणि त्याला मारले की गिळलेली वस्तू परत मिळते, हे तुम्हाला सांगायला नको. असॅसिनचा नुसता एक बुक्का पुरला असता. मी हात माउसवर ठेवून तो पोरिंग दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो आणि मग खिडकी बंद केली.

दिवाळीला तो आला. अकाउंट उघडून त्याने पाच मिनिटे सगळे रिकामे खण पाहिले. मी तयार करून ठेवलेली हकीगत सांगितली. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "पोरिंग तरी ठेवायचं की चोरानं." त्यानंतर तो दोनदा-तीनदा खेळला असेल, मग सुटला. तो सर्व्हरही पुढे बंद झाला, त्यामुळे तुटलेले, टाकलेले आणि गिळलेले सगळे एकाच हिशेबात गेले. मी त्याला खरे कधी सांगितले नाही. तो आता पुण्यातच स्थायिक आहे, मे महिन्यात मुलांना घेऊन येतो, आम्ही रंकाळ्यावर भेळ खातो आणि या खेळाचा विषय निघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे दादांचे हे प्रायश्चित्त आहे. तसे म्हणायला मलाही आवडेल, पण आमच्या घरी हे चालत नाही. "प्रायश्चित्त म्हणायचं आणि रात्री दोनपर्यंत जागायचं" असे बायको म्हणते, आणि तिचे चुकत नाही. नवे हायड्रा पडले तेव्हा मला झालेला आनंद पश्चात्तापाचा नव्हता, लोभाचा होता. दहा वर्षांपूर्वी मी गिल्डमधल्या जुन्या मित्रांना मोठ्या ऐटीत सांगत असे की कार्डाचे मोल ते न वापरण्यात आहे, हत्यारात गेले की त्याचे नाव उरते आणि कार्ड संपते. तो तेव्हाचा मी आज समोर आला, तर मी त्याला विचारीन की बाबा रे, हे तत्त्वज्ञान तुला ललितापंचमीच्या आधी सुचले होते की नंतर? पण तोही गप्प बसणार नाही. तो म्हणेल, की तुझ्या मामेभावाने पोरिंग लावले नव्हते ते कोणत्या अपराधापोटी? आणि इथे माझ्याकडे उत्तर नसते. काही लोक निव्वळ प्रेमाने जपतात, आणि मी त्यांच्यातला नाहीच, असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो. ओतीव धातू किती ताण सोसतो हे पाहण्यासाठी त्याच धातूची एक कांडी यंत्रात ओढून तोडावी लागते. अशा कांड्या मी रोज तोडतो आणि माझा हात थरथरत नाही. नापास झालेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, वीज आणि मजुरी वाया जाते, धातू मात्र राहतो. खेळातल्या लोहाराकडे अशी भट्टी नाही. बसवलेली कार्डे काढून देणारी एक म्हातारी पुढे खेळात आली, पण तीही पैसे घेऊन वर धोका तुमच्याच माथी मारते, कधी हत्यार जाते, कधी कार्डे. तिच्याकडे मी कधी गेलेलो नाही. कार्ड लावताना 'हो' म्हणायची ती छोटी चौकट समोर आली की मी 'नाही' दाबतो. चिलखतात पुपाचे साधे कार्ड लावतानाही मी हेच केले आहे, आणि तिथे तर तुटण्याचा प्रश्नच नव्हता. हे शहाणपण नव्हे, हे मला कळते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे जेवढे उत्तर माझ्याकडे होते तेवढे दिले. रविवारच्या वेढ्यासाठी जयसिंगपूरच्या पोराने चार स्लॉटचे मेन गॉश तयार ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे, आणि तो संकोचाने मागत नाही हेही दिसते. हायड्राची चारही कार्डे मी शनिवारी रात्री त्याला देतो. परत नकोत. फक्त हत्यार आधी जिथवर न्यायचे तिथवर नेऊन घ्या, कार्डे त्यानंतर लावा, आणि ती लावताना मला स्क्रीन दाखवू नका.