बिल्ड हिरवा आहे, पण खरा आहे का?

सीआय सर्व्हरवर (कोड बदलला की तो आपोआप बांधून तपासणाऱ्या सर्व्हरवर) सगळ्यात घातक काय असेल, तर टेस्ट फेल झालेल्या असताना हिरवा, म्हणजे पास, दिसणारा बिल्ड. लाल बिल्ड निदान आपल्याला कामाला लावतो. खोटा हिरवा कोणालाही न विचारता प्रॉडक्शनला जातो. म्हणून जेनकिन्स हा सीआय सर्व्हर बसवला की प्लगइन आणि डॅशबोर्ड सजवण्याआधी एक्झिट कोडचं (कमांड संपताना देते त्या आकड्याचं) काम पक्कं करावं, असं माझं ठाम मत आहे.

सर्व्हरला टेस्ट वगैरे काही कळत नाही. दिलेली कमांड संपताना शून्य देते (म्हणजे सगळं ठीक) की दुसरा आकडा, एवढंच तो बघतो. आता लॉग स्क्रीनवर दिसावा आणि फाइलमध्येही उतरावा म्हणून टेस्टची कमांड पाइपने 'टी'ला (आलेला मजकूर दोन्हीकडे पाठवणाऱ्या कमांडला) जोडली, असं समजा. पाइपचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड, हा शेलचा (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) नियम. 'टी'ने लॉग नीट लिहिला, शून्य दिलं, आणि चाळीस टेस्ट पडूनही बिल्ड हिरवा झाला.

यावर उपाय शेलचा 'पाइपफेल' हा पर्याय चालू करणं; मग पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली की अख्खा पाइप फेल धरला जातो. पण तिथेही खड्डा आहे. जेनकिन्सची शेल कमांड चालवणारी 'एसएच' स्टेप सिस्टिमचा ठरलेला शेल वापरते. डेबियन-उबुंटूवर तो बॅश नसून डॅश असतो, आणि त्याच्या सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्यांना पाइपफेल माहीतच नाही. मग स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅशची शीबँग ओळ (स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) द्यावी लागते. ती स्क्रिप्ट सुरू करणाऱ्या तिहेरी अवतरण चिन्हाला अगदी चिकटून हवी. मध्ये एन्टर मारला तर ती पहिली ओळ राहत नाही आणि शेल तिला साधी कॉमेंट समजतो. शिवाय शीबँग दिली की जेनकिन्स एरवी आपणहून लावतो ते 'एक्स' (प्रत्येक कमांड लॉगमध्ये दाखवणारा) आणि 'ई' (कमांड फेल होताच थांबवणारा) हे दोन्ही पर्याय गळतात. 'ई' गेला म्हणजे मधली एखादी कमांड फेल झाली तरी स्क्रिप्ट पुढे चालूच राहते. तेव्हा 'सेट' लिहून 'ई' आणि पाइपफेल दोन्ही हाताने लावायचे.

हे सगळं जमलं का, ते तपासायची एकच पद्धत मला भरवशाची वाटते: वेगळ्या ब्रँचवर मुद्दाम एक टेस्ट मोडायची आणि बिल्ड लाल होतो का ते बघायचं. पाइपलाइनला (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या स्क्रिप्टला) हात लावला की दर वेळी हे करायचं. २०१६ मध्ये जेनकिन्स २ आल्यापासून पाइपलाइन जेनकिन्सफाइलमध्ये, कोडसोबतच रिपॉझिटरीत ठेवण्याची पद्धत रुळली. त्यामुळे अशा बदलांचाही रिव्ह्यू होतो. वेब स्क्रीनवर क्लिक करून बनवलेल्या जॉबमध्ये कोणी काय बदललं, हे शोधता शोधता दिवस जातो.

बिल्ड कधी खोटा हिरवा होतो, तर मागच्या बिल्डचा कचरा वर्कस्पेसमध्ये (बिल्ड चालतो त्या फोल्डरमध्ये) पडून असतो म्हणूनही. डिलीट केलेल्या क्लासची जुनी कंपाइल झालेली फाइल तशीच राहते आणि कोड तिच्यावर चालतो. वर्कस्पेस साफ करून सुरुवात करा. नोडच्या प्रोजेक्टमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' वापरा. ती आधी नोड मॉड्यूल्सचा (बसवलेल्या लायब्रऱ्यांचा) फोल्डर उडवते, लॉक फाइलमधल्या नेमक्या आवृत्त्या घेते, आणि लॉक फाइल पॅकेज फाइलशी जुळत नसेल तर थांबते. हे थांबणंच आपल्याला हवं असतं. डॉकर इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावू नका, त्यामागची आवृत्ती न सांगता बदलू शकते.

बिल्ड कंट्रोलरवर, म्हणजे जेनकिन्सच्या मुख्य सर्व्हरवर, चालवू नका. जेनकिन्समध्ये या मूळ नोडला २ एक्झिक्युटर (बिल्ड चालवायच्या जागा) मिळालेले असतात, ते ० करा आणि कामं एजंटवर, म्हणजे बिल्डसाठी जोडलेल्या वेगळ्या मशीनवर, पाठवा. कारण सरळ आहे: कंट्रोलरवर चालणारा बिल्ड जेनकिन्सच्याच युजरने चालतो, म्हणजे क्रेडेन्शियल्सच्या (साठवलेल्या पासवर्ड वगैरेंच्या) फाइली आणि त्या उघडायच्या किल्ल्या दोन्ही त्याच्या हाताशी असतात. पासवर्ड वापरणारी शेल कमांड ग्रूव्हीत (जेनकिन्सफाइल ज्या भाषेत लिहितात तिच्यात) एकेरी अवतरणातच लिहा. दुहेरीत लिहिली तर शेलकडे जाण्याआधीच ग्रूव्ही खरी किंमत भरून टाकते, आणि ती प्रोसेस लिस्टमध्ये दिसू शकते.

कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टला 'रिट्राय' लावून गप्प करायची सवय फार वाईट. कारण बहुतेकदा साधंच असतं: ठरावीक सेकंदांचा स्लीप, दोन टेस्टना हवा असलेला एकच पोर्ट, किंवा तारीख. 'आज' एकदा स्थानिक वेळेने आणि एकदा यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने) काढला, तर टेस्ट दिवसातले ठरावीक तासच पडते. अशी टेस्ट बाजूला काढा, तिच्यावर कोणाचं तरी नाव लिहा आणि दुरुस्त करून परत आणा.

डिप्लॉयमेंटला माझा आग्रह एकाच गोष्टीचा: बिल्ड एकदाच. स्टेजिंगसाठी (प्रॉडक्शनआधीच्या तपासणीच्या सर्व्हरसाठी) एक आणि प्रॉडक्शनसाठी दुसरा बिल्ड केला, तर तपासलं एक आणि चढवलं दुसरंच, असं होतं. कमिट हॅशचं (गिटमधल्या त्या बदलाच्या ओळखक्रमांकाचं) नाव लावलेलं एकच आर्टिफॅक्ट, म्हणजे बिल्डमधून तयार झालेली फाइल, सगळीकडे न्या आणि कॉन्फिगरेशन बाहेरून द्या. आवृत्ती गिटच्या टॅगवरून काढत असाल तर शॅलो क्लोनपासून जपा. एकाच कमिटपुरता इतिहास घेतला की मागचा टॅग सापडत नाही. मंजुरीसाठी थांबणारी 'इनपुट' स्टेप एजंट ब्लॉकच्या बाहेर ठेवा, नाहीतर होकार येईपर्यंत एक एक्झिक्युटर अडून राहतो. तिला टाइमआउटही लावा.

रोलबॅकची, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची, खरी अडचण डेटाबेसमध्ये असते. कॉलमचं नाव एका फटक्यात बदललं तर जुना कोड परत आणूनही चालत नाही. आधी नवा कॉलम जोडा, काही काळ दोन्हीत लिहा, जुना डेटा हलवा, सगळं वाचन नव्यावर आणा, आणि जुना कॉलम नंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा. आणि डिस्क भरू नये म्हणून शेवटचे २० बिल्ड ठेवायचा नियम लावला असेल, तर जुन्या बिल्डसोबत त्याचं आर्टिफॅक्टही जातं, हे ध्यानात ठेवा. प्रॉडक्शनवर आज चालू असलेलं आणि त्याच्या आधीचं आर्टिफॅक्ट जेनकिन्सबाहेर, वेगळ्या आर्टिफॅक्ट रिपॉझिटरीत असायला हवं.