कुंभारजुव्याच्या कालव्यातली पाणमांजरे

गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात होडीने फिरायला जाणारा माणूस मगर पाहायलाच जातो, आणि त्यात वावगे काही नाही. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या, सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या या जलमार्गात मगरींचा वास जुना आहे. एरवी गोड्या पाण्यात रमणारी ही जात येथे भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात निर्धास्त नांदते. दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात; शेतांना खाऱ्या पाण्यापासून राखणाऱ्या बांधांवर ज्यांचे पोट अवलंबून आहे, त्यांना बांधापलीकडच्या शेजारणीची मर्जी सांभाळणे शहाणपणाचे वाटले असावे.

ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडतात व मगरी त्यांवर ऊन खात पडतात, म्हणून आम्हीही ओहोटीचीच वेळ साधली होती. खारफुटीच्या मुळांत अडकलेला प्रत्येक ओंडका आम्हाला संशयास्पद वाटत होता. सोबतच्या मावशीने तर एका ओंडक्याला नमस्कारही केला. ठरवून पाहायला निघालेल्या प्राण्याची ही एक अडचणच असते. तो दिसण्यापूर्वीच आपण त्याला इतक्या वेळा पाहिलेले असते की डोळे दुसरे काही शोधायला तयार नसतात.

त्यामुळे एका मानशीजवळ, म्हणजे बांधात बसवलेल्या पाण्याच्या दाराजवळ, पाण्यातून मिशाळ, चपटे डोके वर आले तेव्हा क्षणभर कोणालाच काही उमगले नाही. मग दुसरे आले, तिसरे आले, आणि पाणमांजरांचे अख्खे कुटुंब शिट्टीसारखे तीक्ष्ण आवाज काढत आमच्या होडीभोवती फिरू लागले. त्यांतल्या एकाने तोंडात आडवा धरलेला मासा काठावर नेला, पुढच्या पायांनी तो दाबून धरला आणि डोक्याकडून कुरकुरत खायला सुरुवात केली. आम्ही चार-पाच माणसे टक लावून पाहत आहोत, याचा त्याच्या भुकेवर काहीही परिणाम झाला नाही. पिल्ले मात्र मध्येच पाण्याबाहेर मान उंच काढून आम्हाला न्याहाळत आणि बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येत. मावशीला मगरीचा पूर्ण विसर पडला होता.

त्यांनी ती जागा निवडली होती ती उगाच नव्हे. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पाण्याबरोबर शेतातल्या कालव्यातले मासे त्या अरुंद वाटेने बाहेर पडतात, म्हणून माणसेही तेथेच जाळे लावतात. माणसाला जाळे शिवावे लागते, त्याची राखण करावी लागते. पाणमांजराला नुसते वेळेवर हजर राहिले की पुरते.

आमच्या होडीवाल्या भावाला या कुटुंबाचे फारसे कौतुक नव्हते. मगर दाखवताना त्याचा आवाज एखाद्या यजमानासारखा होई. येथे मात्र त्याने इंजिन बंद केले ते केवळ आमच्या आग्रहाखातर. ती मानस त्याच्या मेहुण्याने पावणीत, म्हणजे मासेमारीच्या हक्काच्या लिलावात, घेतली होती आणि मागच्याच आठवड्यात तिथले जाळे फाटलेले सापडले होते. पाण्यात बागडणाऱ्या पिल्लांकडे पाहत त्याने खिशातून मोबाइल काढला आणि संध्याकाळी जाळे लावण्याआधी मानशीवर एक फेरी मारून ये, असे मेहुण्याला बजावले.