बास ट्रॉम्बोनचा दुसरा व्हॉल्व्ह: अवलंबित की स्वतंत्र?

बास ट्रॉम्बोन या खालच्या स्वरांच्या पितळी वाद्यात सरकती नळी (स्लाइड) पुढेमागे करून स्वर बदलतात, आणि व्हॉल्व्ह दाबला की जास्तीची नळी जोडली जाऊन स्वर खाली उतरतो. त्याला दुसरा व्हॉल्व्ह लागतो तो मुख्यतः खालच्या बी स्वरासाठी. केवळ पहिला, म्हणजे वाद्याचा मूळ स्वर बी फ्लॅटवरून एफवर उतरवणारा व्हॉल्व्ह दाबला, तर नळी इतकी लांब होते की स्लाइडवर हात थांबवण्याची 7 ऐवजी जेमतेम 6 स्थाने उरतात आणि तो स्वर हाती लागत नाही. अवलंबित रचनेत दुसरा व्हॉल्व्ह एफच्या जोडनळीवरच बसवलेला असतो, त्यामुळे पहिला दाबल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. स्वतंत्र रचनेत दोन्ही व्हॉल्व्ह मुख्य नळीवर एकामागे एक असतात. दुसरा एकट्याने मूळ स्वर बहुधा जी फ्लॅटवर नेतो आणि दोन्ही मिळून डीवर.

माझा कल स्वतंत्र रचनेकडे आहे. जी फ्लॅट आणि त्यावरचा डी फ्लॅट हे एरवी पाचव्या स्थानावरचे स्वर त्यात पहिल्या स्थानाजवळ मिळतात, आणि बी फ्लॅटवरून जी फ्लॅटवर जाताना हात लांबवावा लागत नाही, ही सोय जलद ओळींत मला फार मोलाची वाटते. मात्र त्यात फुंक कायम दोन व्हॉल्व्हमधून जाते, आणि काही वादकांना मोकळ्या (व्हॉल्व्ह न दाबता वाजवलेल्या) स्वरांत त्याचा अडथळा जाणवतो. त्यांनी अवलंबित वाद्य निवडले, तर ते मला पूर्णपणे पटते. म्हणूनच वाद्य घेण्यापूर्वी दोन्ही प्रकारांवर आधी एकही व्हॉल्व्ह न दाबता दीर्घ स्वर वाजवून पाहावेत.