विक्रीच्या यादीतलं पहिलं नाव

आज विद्यापीठात एका पत्रकार बाईंचं व्याख्यान होतं. खरं सांगायचं तर फुकट पिझ्झा आहे म्हणून गेले. तो हातातच थंड झाला.

विषय इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीचा वारसा. 1619 मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवलेले आफ्रिकी लोक, 1865 ची गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती, हे वाचलेलं होतं. पण त्याच दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीची वेठ चालेल अशी फट आहे आणि तिच्यातूनच दक्षिणेत कैदी भाड्याने द्यायचा धंदा फोफावला, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं.

मग त्यांनी जॉर्जटाउन कॉलेजचं सांगितलं. 1838 मध्ये तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी 272 माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकायचा करार केला. का, तर कॉलेज कर्जात होतं! कागदावर नावं, वयं. त्यात तान्ही बाळंसुद्धा. पहिलं नाव आयझॅक. 2017 मध्ये तिथल्या एका इमारतीला त्याचं नाव दिलं. माझ्या मागे बसलेला मुलगा हळूच पुटपुटला, “इमारतीला.” पुढे काही बोलला नाही.

प्रश्नोत्तरांत धीर करून हात वर केला. म्हटलं, आमच्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि इथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाईंनी दोनदा स्पेलिंग विचारून वहीत उतरवून घेतलं. शाळेत फुल्यांवर पाठ करून भाषण ठोकलं होतं मी, बक्षीसही मिळालं होतं. पण ही अर्पणपत्रिका तेव्हा नुसती घोकलेली.

रात्री आईला सगळं सांगितलं. “छान बोललीस गं. पण जेवलीस का?”