मामाच्या प्रेसचा पीसी: हेअर ड्रायर ते निळा पडदा

मामाची मंगळवार पेठेत लग्नपत्रिकांची छोटी प्रेस आहे. तिथला २००९ चा विंडोज एक्सपीवाला डेस्कटॉप महिनाभर माझ्या टेबलावर पडून होता. जुन्या फायली सगळ्या पेजमेकर या जुन्या पानं मांडायच्या प्रोग्रॅममधल्या आणि फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, नव्या मशीनवर नीट न उघडणारे, त्यामुळं 'नवीन घ्या की' म्हणणाऱ्यांनी गप बसावं.

दुखणं असं: सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर कधीतरी चालू होतो, आणि मग रात्रीपर्यंत काही कुरकुर नाही. मामा म्हणाला, "सकाळी मूडच नसतोय त्याचा. पोरगं हेअर ड्रायर मारतंय, मग उठतंय बघ."

मी हसलो. प्रेसमधल्या पोरानं निदान कधीच केलं होतं, मला ते कळायला दोन आठवडे गेले.

सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढली, तिची कॉपी घेतली आणि बाजूला ठेवली. ही सवय मोडू नका. मग नेहमीचे उपचार: रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, प्रोसेसरची पेस्ट बदलली, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल २.६ व्होल्टवर आला होता म्हणून नवा टाकला. फरक शून्य. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, एकटाच चालू करायला त्याची हिरवी वायर काळीला जोडली, लोड म्हणून जुना सीडी ड्राइव्ह लावला आणि मीटर धरला: १२.१, ५.०४, ३.३१ व्होल्ट (हवेत १२, ५ आणि ३.३). पाच टक्के इकडंतिकडं चालतं, हे तर एकदम सरळ. दुसरा एसएमपीएस लावून बघितला, तरी तेच रडगाणं.

शेवटी मामीचा ड्रायर मागून आणला. जुलैची सकाळ, चार दिवस ऊन नाही, बोर्ड गारठलेला. बारा वेळा बटण दाबलं, बारा वेळा फेल. मग प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी फक्त मिनिटभर गरम हवा मारली आणि पहिल्याच दाबाला बीप! डिस्क नसल्याची तक्रार पडद्यावर आली, पण आली.

टॉर्च तिरपा धरून बघितलं तेव्हा सॉकेटजवळचे तीन कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे छोटे डबे) माथ्यावर किंचित फुगलेले दिसले. एकाच्या खाचेतून तपकिरी चिकटा बाहेर आलेला. सरळ वरून बघितलं की हे दिसतच नाही, म्हणून तर दोन आठवडे गंडलो. आतलं द्रव सुकत गेलं की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी चढतो. प्रोसेसर जागा होताना एकदम करंट ओढतो, तिथं व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड स्वतःच बंद पडतो. ऊब मिळाली की रोध उतरतो आणि गाडी निघते. साधा मीटर सरासरी दाखवतो, त्याला हा क्षणाचा खड्डा दिसत नाही.

१५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ डिग्रीपर्यंत टिकणारे लो-ईएसआर, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचे, कपॅसिटर हवे होते. पहिल्या दुकानदारानं ८५ डिग्रीवाले पुढं केले, "चालतंय की" म्हणाला. नाही चालत. तिसऱ्या दुकानात मिळाले.

काढताना घाम फुटला. बोर्डच्या आतला तांब्याचा थर सगळी उष्णता पिऊन टाकतो. माझं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न नुसत्या गुदगुल्या करत होतं, म्हणून ६० वॅटचं उसनं आणलं. जुन्या जोडावर आधी ताजं सोल्डर द्यायचं आणि एकेक पाय हळूहळू हलवत उपसायचा. भोकं शिवायच्या सुईनं मोकळी केली. ऋण बाजू कुठली ते काढण्याआधी फोटो काढून ठेवा, बोर्डवरच्या छापावर विसंबू नका.

नवे बसवले, आणि बोर्ड थंड असताना पहिल्या दाबाला सुरू! डिस्क लावली, एक्सपीचा लोगो आला आणि धाडकन निळा पडदा, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी, म्हणजे एक्सपीला डिस्कच सापडत नाही. रात्री एकपर्यंत डिस्कला आणि केबलला शिव्या घातल्या. पाप माझंच होतं. सेल बदलताना बायोसच्या (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग पुसल्या गेल्या आणि साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, कारखान्यातल्या सेटिंगप्रमाणे एएचसीआयवर गेला. ही एक्सपी आयडीई या जुन्या मोडवर बसवलेली, तिच्याकडं एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. मोड परत आयडीई केला, अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप समोर.

आज सलग पाचवी सकाळ, रोज पहिल्याच दाबाला चालू. त्याच रांगेत त्याच बनावटीचे आणखी दोन कपॅसिटर आहेत, अजून सपाट. ते आत्ताच बदलावेत की फुगायची वाट बघावी? मामाला तर मशीन उद्याच पाहिजे, लग्नसराईच्या ऑर्डरी आल्यात म्हणे. जुलैत कसली लग्नसराई, देव जाणे.